अष्टापदाची वाट आणि व्हिसाचा शिक्का

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात लहानथोर सारे 'भाईजी' म्हणतात, २०१९ च्या चातुर्मासात एके दिवशी स्थानकातून परतले ते एक पच्चक्खाण घेऊनच. अष्टापदाचे दर्शन होईपर्यंत मिष्टान्नाचा त्याग. भोजनास बसल्यावर त्यांनी वाटीतील शिरा हळूच बाजूला सरकवला, तेव्हा भाभींच्या लक्षात आले. आमच्यासारख्या स्थानकवासी घरात तीर्थयात्रेचे तसे फारसे प्रस्थ नाही. परंतु प्रथम तीर्थंकर ऋषभदेव भगवंतांची निर्वाणभूमी, भरत चक्रवर्तींनी जेथे सिंहनिषद्या प्रासाद उभारला असे शास्त्र सांगते ती भूमी, गौतमस्वामी स्वलब्धीने जेथे चढले तो पर्वत एकदा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा त्यांच्या मनात आमच्या वडिलांपासून आलेली. अष्टापद नेमके कोठे, याविषयी जाणकारांत एकवाक्यता नाही. तथापि तिबेटमधील कैलास पर्वताच्या परिसरातच ते असावे, असे मानणारा मोठा वर्ग आहे, आणि भाईजी त्या वर्गातले.

पुढच्याच वर्षी जायचे ठरले. कैलास-मानसरोवर यात्रेचे नियम कडक आहेत. वय १८ ते ७०, आणि उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात तो २५ च्या आत. कापड बाजारातील गादीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसास हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड. भाईजी पहाटे चांदबीबी महालाच्या टेकडीवर जाऊ लागले, कधी मांजरसुंब्याच्या गोरक्षनाथ गडापर्यंत. सहा महिन्यांत बारा किलो वजन उतरले. दुकानातील मुनीमजी म्हणाले, "शेठजी, कोटाचे माप पुन्हा घ्यावे लागणार."

मग २०२० उजाडले. प्रथम महामारी आली. जूनच्या १५ तारखेच्या रात्री गलवान खोऱ्यात भारत व चीनच्या सैनिकांत रक्तरंजित झटापट झाली आणि आपले २० जवान हुतात्मा झाले. यात्रा थांबली. महामारी ओसरली, बाजार उघडले, विवाह पूर्ववत् थाटात होऊ लागले. यात्रा मात्र सुरू होईना. दोन्ही देशांमधील थेट विमानेही बंदच राहिली. २०२२ च्या एप्रिलमध्ये चिनी नागरिकांना दिलेले पर्यटन व्हिसे आता ग्राह्य नाहीत, असे भारताच्या बाजूने विमान कंपन्यांना कळविले गेले. चीनमध्ये शिकणारी आपली हजारो मुले तोवर परत जाण्यासाठी खोळंबून राहिली होती. भाईजी दर उन्हाळ्यात परराष्ट्र मंत्रालयाचे संकेतस्थळ उघडून पाहत आणि चष्मा काढून ठेवीत.

असे हे पहिल्यांदाच घडत नव्हते. परराष्ट्र मंत्रालयामार्फत ही यात्रा १९८१ पासून लिपुलेख खिंडीतून चालू आहे. सिक्कीममधील नाथू ला येथून दुसरा मार्ग २०१५ साली उघडला. वयस्कर यात्रेकरूंना तो सोयीचा, कारण बरेच अंतर मोटारीने जाता येते. दोनच वर्षांनी, २०१७ च्या जूनमध्ये, डोकलामचा पेच उभा राहिला, आणि नाथू लापर्यंत पोहोचलेल्या यात्रेकरूंना खिंडीतून पलीकडे जाऊ दिले गेले नाही. मानसरोवराचे दर्शन घ्यावयास निघालेली माणसे गंगटोकहून माघारी फिरली. त्यांची कागदपत्रे पूर्ण होती, शुल्क भरलेले होते, वैद्यकीय तपासण्याही झाल्या होत्या.

आपण व्यापारी माणसे. माल चोख, बिल चोख, पैसे वेळेवर, तर समोरच्याने माल द्यावाच, असा आपला व्यवहार. व्हिसाचे तसे नाही. व्हिसा हा हक्क नव्हे. ती परक्या राज्याने दिलेली परवानगी असते. ती देताना वा नाकारताना कारण सांगण्याचे बंधन बहुतेक देश स्वतःवर घालून घेत नाहीत आणि भरलेले शुल्कही परत देत नाहीत. दोन सरकारांत बेबनाव झाला की राजदूत परत बोलावणे, अधिकाऱ्यांची संख्या कमी करणे, व्हिसा रोखणे ही तोलून-मापून वापरावयाची साधने ठरतात. त्यांतील व्हिसाचे साधन सर्वांत स्वस्त. त्यास सैन्य लागत नाही, करार मोडावा लागत नाही. एक सूचना लावली की पुरे. मात्र त्याचा फटका बसतो तो ज्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नसतो अशा माणसास. हे मला कैलासाने नव्हे, कॅनडाने शिकवले.

माझ्या कन्येचा विवाह २०२३ च्या डिसेंबरमध्ये ठरला होता. आपल्याकडे मायऱ्याचे महत्त्व मी वाचकांना वेगळे सांगायला नको. मामाने बहिणीच्या दारात यावे, चुनरी ओढावी, मग पुढचे विधी. माझा मेहुणा, वधूचा एकुलता एक मामा, पंधरा वर्षांपूर्वी टोरांटोजवळ स्थायिक झालेला. तेथील नागरिकत्व घेतलेला, म्हणजे पासपोर्ट कॅनडाचा. त्याच्या पत्नीने ओसीआय कार्ड काढून ठेवले होते. याने मात्र 'ई-व्हिसा चार दिवसांत मिळतो, कार्डाची घाई कशाला' म्हणून ते काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले. तेथेच जन्मलेल्या मुलाचेही कार्ड नव्हते.

१८ सप्टेंबर २०२३ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी तेथील संसदेत हरदीपसिंग निज्जर याच्या हत्येसंदर्भात भारतावर आरोप केला. भारताने तो साफ फेटाळला. दोन्हीकडून एकेका वरिष्ठ अधिकाऱ्यास देश सोडावयास सांगण्यात आले. आम्ही वर्तमानपत्रातील ही बातमी चहाबरोबर वाचली आणि हॉलच्या ठेकेदारास विसार द्यावयास निघून गेलो. तिसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबरला, कॅनडातील भारतीय व्हिसा सेवा 'पुढील सूचना मिळेपर्यंत' स्थगित झाल्याची सूचना लागली. ई-व्हिसासुद्धा बंद. ज्यांच्याजवळ आधीचा वैध व्हिसा वा ओसीआय कार्ड होते त्यांना अडचण नव्हती. म्हणजे एकाच घरात मामी येऊ शकत होती, मामा नाही.

घरात जे झाले ते सविस्तर लिहीत नाही. सौभाग्यवतींनी दोन दिवस पत्रिकेच्या मजकुरास हात लावला नाही. कोणी सुचवले, मुहूर्त पुढे ढकला. कोणी म्हणाले, चुलतमामा उभा करा. ऑक्टोबरमध्ये बातम्या आणखी बिघडल्या. कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले आणि मुंबई, चंडीगड व बंगळुरू येथील वाणिज्य दूतावासांतील प्रत्यक्ष सेवा थांबवली. आता इकडून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांची प्रकरणेही रेंगाळू लागली.

२६ ऑक्टोबर रोजी भारताने चार प्रकारचे व्हिसे पुन्हा सुरू केले: एंट्री, बिझनेस, मेडिकल आणि कॉन्फरन्स. पर्यटनाचा त्यांत समावेश नव्हता. त्याच संध्याकाळी एका परिचित एजंटाचा फोन आला. "मेहुण्याचा व्यवसाय आहे ना तिकडे? मग बिझनेस व्हिसा टाका. तुमच्या दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळींचे निमंत्रण द्या, काम होईल." लेटरहेड माझ्या हाताशी होते आणि मुलीचा विवाह सहा आठवड्यांवर. हात क्षणभर थांबला, हे कबूल करतो. भाईजी शेजारी बसले होते. ते इतकेच म्हणाले, "विमानतळावर विचारले, काय खरेदी करायला आलात, तर काय सांगेल तो? मायरा?"

वास्तविक त्याला तसे करण्याची गरजही नव्हती. एंट्री व्हिसा हा मुळात भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी, त्यांच्या पत्नीपतींसाठी व मुलांसाठी असतो, हे आम्हांस तोवर ठाऊकच नव्हते. आपल्यातील अनेकांना व्हिसा म्हणजे एकच शिक्का वाटतो. प्रकारांतील फरकच अशा प्रसंगी निर्णायक ठरतो. अर्जासाठी मूळ भारतीयत्वाचा पुरावा हवा होता, आणि जुना भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतल्याचे, म्हणजे नागरिकत्व त्यागाचे प्रमाणपत्रही. ते त्याने कधी काढलेच नव्हते. जुना पासपोर्ट कपाटात तसाच पडून होता. आधी ते प्रमाणपत्र, मग व्हिसाचा अर्ज. दरम्यान २२ नोव्हेंबरला ई-व्हिसाही सुरू झाला. परंतु त्याचा पासपोर्ट तेव्हा अर्जासोबत जमा झालेला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो शिक्क्यासह परत आला. मामा आले. विवाहाच्या तीन दिवस आधी, पुण्याच्या विमानतळावरून थेट, मुलास कडेवर घेऊन. चुनरी मात्र सामानात राहून गेली आणि सामान दुसऱ्या विमानाने आले, म्हणून ती ऐनवेळी आमच्याच दुकानातून द्यावी लागली. त्याचे पैसे तो देऊ लागला आणि मी घेईना, यावरून थोडी हुज्जत झाली.

आता आपल्या घरांतील कागदांविषयी. शांततेच्या काळात खपून जाणारी त्रुटी तणावाच्या काळात खपत नाही, हा अनुभव आहे. आपल्या समाजात याचे एक मूळ नावांत आहे. आधारवर 'जैन', शाळेच्या दाखल्यावर मुथा किंवा बोरा किंवा कटारिया, पॅनकार्डावर तिसरेच काही. सुनेचे माहेरचे नाव वेगळे, आणि अनेक घरांत विवाहात पहिले नावही बदललेले. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तेही चालत नाही असे देश आहेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या प्रवाशांविषयी नियम कडक केला, तेव्हा दुबईस निघालेल्या कित्येकांची धावपळ झाली. जन्मतारखेचे तसेच. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकीत. भाईजींच्या बाबतीत गुरुजींनी वर्षही एकाने मागे नेले. घरच्या वहीत त्यांचा जन्म कार्तिकातला, आणि पासपोर्टवर १ जून १९५५. या एका वर्षाची किंमत पुढे कळेल.

तिकिटांचीही एक गोष्ट आहे. व्हिसा हातात येण्याआधी परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत, हे सर्वांना माहीत असते आणि स्वस्त भाडे दिसले की सर्वजण विसरतात. प्रवास विम्याची कलमे एकदा चष्मा लावून वाचावीत. व्हिसा नाकारला गेला वा सरकारी आदेशाने प्रवास थांबला तर भरपाई नाही, असे अनेक पॉलिसींत स्पष्ट लिहिलेले असते.

काही दारे तर तणावाच्या काळात पूर्णच मिटतात. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केल्यावर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द केले. अटारीची तपासणी चौकी बंद झाली. त्या आठवड्यात सीमेवर विभागली गेलेली कुटुंबे आपण दूरदर्शनवर पाहिली. तेव्हा मला गुजराँवाला आठवले. आचार्य विजयानंदसूरि, म्हणजेच आत्मारामजी महाराज, १८९६ साली तेथे कालधर्म पावले आणि त्यांची समाधी आज पाकिस्तानात आहे. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेचे निमंत्रण आले तेव्हा साध्वाचारामुळे ते समुद्र ओलांडू शकत नव्हते. म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. म्हणजे त्या काळी आचार्यांस अडवले ते त्यांच्या स्वतःच्या व्रताने, कोणत्या खिडकीवरील कारकुनाने नव्हे. पासपोर्टाची सक्ती जगभर रूढ झाली ती पहिल्या महायुद्धानंतर; आपल्याकडील कायदा १९२० चा. भारत व पाकिस्तान यांच्यात फाळणीनंतर आधी परमिट आले आणि १९५२ च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट व व्हिसा. मे २०२३ मध्ये आचार्य विजय धर्मधुरंधर सूरीश्वरजी अटारी-वाघा सीमेवरून पाकिस्तानात गेले, तो योग आज येणे नाही.

तुर्कस्तानचे प्रकरण याहून निराळे. तेथे व्हिसा कोणी बंद केला नव्हता. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली आणि अनेक कुटुंबांनी इस्तंबूलच्या सहली स्वतःहून रद्द केल्या. व्हिसा मिळत असूनही जावे की नाही, हा विवेकाचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. आमच्या आडते बाजारात यावर बरीच खडाजंगी झाली. ज्यांनी सर्वांत मोठ्याने बहिष्कार पुकारला त्यांतील एकाने आगाऊ रक्कम बुडेल म्हणून नंतर कोणास न सांगता सहल केली, हेही सर्वांना ठाऊक आहे.

भाईजींकडे वळतो. २०२४ च्या २३ ऑक्टोबरला रशियातील कझान येथे भारताचे पंतप्रधान आणि चीनचे अध्यक्ष भेटले. २०२५ च्या जानेवारीत आपले परराष्ट्र सचिव बीजिंगला गेले आणि उन्हाळ्यात यात्रा पुन्हा सुरू करण्याचे ठरले. एप्रिलच्या अखेरीस अर्ज निघाले. भाईजींनी पहिल्याच दिवशी भरला. ७५० जागा होत्या, लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या व नाथू लामार्गे १०. अर्ज आले ५,५६१. निवड संगणकाच्या सोडतीने. तेथे ओळख, देणगी, चिठ्ठी यांचा उपयोग नाही, हे एका अर्थी चांगलेच.

अर्जाबरोबर वाचावयाच्या कागदांत एक संमतीपत्रही असते. चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास पार्थिवाचे तेथेच दहन करण्यास यात्रेकरूची संमती. ते वाचून भाभी उठून आत गेल्या. कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, आणि त्यातील डोल्मा ला खिंड १८,००० फुटांहून उंच. तिथे श्वास घेणेच एक तप. भाईजींनी मात्र हा कागद शांतपणे वाचला. त्यांची चिंता वेगळीच होती: चौविहाराचे काय? त्या उंचीवर पाणी सतत प्यावे लागते असे डॉक्टर सांगतात आणि यांचे सूर्यास्तानंतर पाणीही बंद. अर्जात अशा गोष्टीसाठी रकाना नाही. महाराज साहेबांना विचारले. आजारपणात व संकटात आगार ठेवूनच नियम असतो, हे त्यांनी समजावले. मग कंदमुळाविना भोजन, खाकरे, मुगाची कोरडी डाळ यांच्या याद्या झाल्या.

मे महिन्यात सोडत निघाली. त्यांचे नाव त्यात नव्हते.

२० जूनला पहिली तुकडी नाथू लाहून पलीकडे गेल्याचे दृश्य त्यांनी दुकानात मोबाईलवर पाहिले. पाच वर्षांनी खिंड उघडली होती. मुलांनी सुचवले, नेपाळमार्गे खासगी सहल आहे, तेथे सोडत नसते. चिनी सामूहिक व्हिसा काठमांडूत होतो. तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या मिळत होत्या. भाईजींनी नकार दिला. चातुर्मासात गाव सोडावयाचे नाही. मुले नाराज झाली. पुढे ८ आणि ९ सप्टेंबरला नेपाळात उद्रेक झाला, संसद पेटली, काठमांडूचा विमानतळ बंद पडला आणि कैलासचे अनेक भारतीय यात्रेकरू वाटेत अडकले. आमच्याच तालुक्यातील एक जोडपे त्यांत होते. चार दिवस त्यांचा फोन लागला नाही. या वेळी भांडण चीनशी नव्हते, भारताशीही नव्हते. ज्या देशातून नुसते जायचे होते त्या देशात आग लागली होती.

भाईजींसमोर आता २०२६ चा अर्ज आहे. वय त्या वर्षाच्या १ जानेवारीचे धरतात. कागदानुसार ते तेव्हा ७० पूर्ण असतील, म्हणजे शासनाच्या यात्रेसाठी हे शेवटचे वर्ष. घरच्या वहीनुसार त्यांना आणखी एक वर्ष उरते. परंतु वही कोणी विचारात घेत नाही. "जन्मतारीख दुरुस्त करून घेऊ, जन्मपत्रिका आहे की," असे धाकटा पुतण्या म्हणाला. पासपोर्ट, आधार, पॅन, निवृत्तिवेतन नसले तरी बँकेचे सारे कागद, सर्वत्र १ जून. भाईजी म्हणाले, "साठ वर्षे त्या तारखेवर व्यवहार केला. आता सोयीसाठी ती खोटी म्हणू?"

त्यांचा पासपोर्ट २०१६ च्या ऑगस्टचा, दहा वर्षांचा. यात्रेसाठी वर्षाच्या १ सप्टेंबरपासून पुढे किमान सहा महिने वैधता लागते, तेव्हा तो चालणार नाही. दिवाळीपूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज केला. पोस्टातील पासपोर्ट केंद्रात त्यांच्या बोटांचे ठसे दोनदा उमटले नाहीत. कापडाचे थान उलगडून उलगडून बोटांवरील रेषा झिजतात, असे त्यांनी त्या मुलीस सांगितले. तिने ओले फडके दिले आणि तिसऱ्या वेळी ठसे आले.

भारत व चीन यांच्यात थेट विमानेही २६ ऑक्टोबरपासून पुन्हा उडू लागली आहेत. चिनी नागरिकांसाठी आपले पर्यटन व्हिसे जुलैतच उघडले. भाईजी पहाटे अजून टेकडीवर जातात. वीर निर्वाणाच्या दिवशी घरात लाडू झाले. त्यांच्या ताटात भाभींनी नेहमीप्रमाणे एक शेव वाढली आणि लाडवाची वाटी न बोलता मुलांकडे सरकवली. हे सातवे वर्ष.